मामांसोबत अरवरीकाठी सहा दिवस

आम्ही तिकडं नेमकं कशाला गेलो ते आधी सांगते, कारण राजस्थानातलं अलवर म्हटलं की सगळे भानगढचं भूत नाहीतर सरिस्काचा वाघ एवढंच विचारतात. मी भूशास्त्रवाली, सात वर्षं पुण्यात एका कन्सल्टन्सीत भूजलाचे नकाशे करतेय. या उन्हाळ्यात माणदेशात ओढ्या-नद्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटानं विचारलं, पूर्णवेळ येतेस का. पगार आत्ताच्या निम्म्याहून कमी, ऑफिस म्हणजे शाळेची रिकामी खोली, आणि कामाचं स्वरूप काय विचारलं तर म्हणाले "गावात राहायचं". हो म्हणावंसं वाटत होतं, पण या कामात ज्यांचं अख्खं आयुष्य गेलंय ती माणसं घर कशी चालवतात, साठीला पोचल्यावर त्यांना कामाबद्दल काय वाटतं, हे बघितल्याशिवाय मला उत्तर द्यायचं नव्हतं. पुण्यातल्या कल्पवृक्ष संस्थेनं देशभरातल्या गावांनी राखलेल्या जंगलांच्या नोंदी केल्यात, त्यात कधीतरी भांवता-कोल्यालाचं नाव वाचलं होतं. अलवर जिल्ह्यातल्या या गावापाशीच अरवरी उगम पावते, गावांनी बांध घालून पुन्हा वाहती केलेली नदी. मग तिकडंच जायचं ठरलं.

सोबत मामा. मामा म्हणजे मृदसंधारणाच्या कामात ३१ वर्षं घालवलेला माणूस, खानापूर तालुक्यातला, रिटायर झाल्यापासून शेती बघतात. नालाबांध, पाझर तलाव, समतल चर यांच्याशिवाय दुसरा विषय नाही. मी नुसतं म्हटलं राजस्थानात जोहड, म्हणजे पाणी अडवायचे तिथले मातीचे बांध, बघायला जातेय, तर म्हणाले "मी येतो, पोरी. भराव बघायचाय मला त्यांचा." भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी निघालो.

दिवस पहिला: जयपूर ते भीकमपुरा

जयपूरपर्यंत ट्रेन, पुढं विराटनगरवरून थानागाजीची बस. विराटनगर ओलांडलं की दोन्ही बाजूंना अरवलीच्या रांगा सुरू होतात. मी नकाशात ही क्वार्ट्झाइटची, म्हणजे कठीण खडकाची, धारदार रांग शंभर वेळा बघितलेली, पण खिडकीतून बघताना वेगळंच वाटलं. आपल्या सह्याद्रीसारखे सपाट थर नाहीत, इथं थर उभे-तिरके झालेत, भेगाच भेगा. त्या भेगा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणारेत.

थानागाजीहून जीपनं किशोरी-भीकमपुरा. तरुण भारत संघ ही इथं पाण्याचं काम करणारी संस्था, तिच्या आश्रमात राहायची सोय आधी फोन करून केली होती. पोचलो तेव्हा अंधार पडलेला आणि थंडी एकदम अंगावर आली. दिवसा घाम आणि रात्री दोन रजया असा प्रकार होता सगळे दिवस.

जेवायला अन्नकुटाचा प्रसाद! दिवाळीनंतर इकडं गावोगाव अन्नकूट करतात, कढी, बाजरी, मूग आणि मिश्र भाजी. मामांनी बाजरी कढीत कुस्करून तीन वाट्या खाल्ली, सोबत लसूण-मिरचीची चटणी. आपल्याकडच्या बाजरीपेक्षा इथली गोड लागते की भुकेमुळं तसं वाटलं सांगता येत नाही.

जेवण झाल्यावर शेकोटीपाशी आश्रमातले एक जुने कार्यकर्ते येऊन बसले. सगळे त्यांना भाईसाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. इथली सुरुवातीची गोष्ट मी वाचलेली होती पण त्यांच्या तोंडून ऐकताना जास्त कळली. २ ऑक्टोबर १९८५ ला संघाचे राजेंद्रसिंह चार मित्रांसोबत जयपूरहून बसमध्ये बसले आणि बस जिथं थांबली तिथं, म्हणजे किशोरीला, उतरले. सरकारी नोकरी सोडून, घरातलं सामान विकून आलेले. आयुर्वेद शिकलेले, त्यामुळं गोपालपुऱ्यात दवाखाना आणि शाळा सुरू केली. रातांधळेपणाचे पेशंट भरपूर. काही महिने गेल्यावर गावातल्या मांगूलाल नावाच्या वयस्कर माणसानं त्यांना सांगितलं की औषध आणि शाळा राहू दे, पाण्याचं काम कर, जोहड खण. आणि त्यांनी खरंच कुदळ-फावडं घेतलं. पुढं २००१ चा मॅगसेसे, २०१५ चा स्टॉकहोम वॉटर प्राइज हे सगळ्यांना माहितीये, पण भाईसाब त्याबद्दल एक वाक्य बोलले नाहीत. ते परत परत मांगूलाल यांच्याकडंच येत होते. "उसने बताया, इसने सुना. सुनना बड़ी बात है, बाईसा."

(टीप: आश्रमात जायचं असेल तर आधी कळवून जा, आणि नुसतं बघायला जाताय की शिकायला ते स्पष्ट सांगा. शिकायला आलात तर ते तुम्हाला चालवतात. चांगले बूट न्या. रोख पैसे आणि औषधं थानागाजीतच घेऊन ठेवा.)

दिवस दुसरा: गोपालपुरा

सकाळी सातला चालायला सुरुवात. मोहरी गुडघ्याच्या खालीच होती अजून, गव्हाची पेरणी चाललेली. मोर इतके की थोड्या वेळानं आपण बघायचंच थांबतो.

जोहड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: उताराच्या पायथ्याशी मातीचा चंद्रकोरीसारखा बांध, वरच्या बाजूनं उघडा. डोंगरावरून येणारं पाणी त्यात अडतं, काही महिने गुरांना-माणसांना वापरायला मिळतं आणि बाकीचं जमिनीत जातं. बांधाला पाल म्हणतात, सांडव्याला अपरा. मामांनी पालीवर चढल्या चढल्या आधी अपरा शोधला. पावलांनी रुंदी मोजली, खाली उतरून पायथ्याची माती हातात घेऊन चुरगळली, वास घेतला, मग वर येऊन मला म्हणाले, "इंजिनिअरचा नकाशा नाही म्हणतात ना? मग ही उंची कुणी धरली?" भाईसाबना विचारलं तर ते म्हणाले गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं पुराचं पाणी आजवर कुठपर्यंत आलं, कोणत्या झाडाच्या बुंध्याला काडीकचरा अडकला होता. त्याच्यावरून. मामा बराच वेळ गप्प होते. नंतर दुपारी झाडाखाली बसल्यावर आपणहून म्हणाले की आमच्याकडं पण विचारता आलं असतं, पण अंदाजपत्रक वरून यायचं, साइट वरून ठरायची, मार्चच्या आत खर्च टाकायचा असायचा. त्यांनी बांधलेले किती नालाबांध आज गाळानं भरून बुजलेत ते त्यांना पाठ आहे, गावांच्या नावासकट. मला हे माहितीच नव्हतं की मामा ती यादी मनात ठेवून आहेत.

इथं पद्धत अशी की गाव स्वतःचा वाटा घातल्याशिवाय काम सुरूच होत नाही. श्रमदान, दगड, ट्रॅक्टर, धान्य, जे असेल ते. आणि वाटा किती कुणाचा हे बैठकीत ठरतं, ज्याच्या विहिरीला जास्त फायदा होणार त्यानं जास्त द्यायचं. यावर म्हणे महिनोन् महिने भांडणं चालतात, आणि कार्यकर्त्याचं खरं काम तिथंच असतं, ती भांडणं संपेपर्यंत बसून राहायचं.

आता माझा मुद्दा. मी भाईसाबना सरळ विचारलं की तुमचं कसं चाललं एवढी वर्षं. त्यांनी काही लपवलं नाही. विशीत रात्रशाळेत शिकवायला म्हणून आले, पहिली दोन वर्षं गावं पायी फिरण्यात गेली. मानधन तुटपुंजं होतं, काही काळ तेही वेळेवर नव्हतं कारण प्रकल्पाचा पैसा येतो आणि थांबतो. बायकोनं शेती आणि दोन म्हशी यांच्यावर घर चालवलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरचे लोक बरीच वर्षं पाहुण्यांना सांगायचे, पोरगा अजून कामाला लागला नाही. मग मुलीच्या लग्नात चार गावांमधून दूध, धान्य, पंगतीला वाढायला माणसं आपोआप आली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा विचारलं की तू नक्की काय करतोस. हे सांगताना ते हसले नाहीत. मलाही डोळ्यात पाणी आलं, लिहिताना पण येतंय.

नव्या मुलांबद्दल म्हणाले, डिग्री घेऊन येतात, चांगली असतात, पण पहिल्या महिन्यात काम दाखवायची घाई असते. "गाँव पूछे नहीं, तब तक बताना नहीं." आणि एक गोष्ट मला लिहून घ्यायला लावली, ती म्हणजे पूर्ण एक पावसाळा आणि पूर्ण एक उन्हाळा गावात काढल्याशिवाय कुठल्याही ओढ्याबद्दल मत द्यायचं नाही.

दिवस तिसरा: भांवता-कोल्याला

आज अरवरीचा उगम. फोनवरच्या नकाशानं दाखवलेला रस्ता एका वळणानंतर सरळ पाण्यात गेला. म्हणजे खरंच, डांबर संपून पाणी सुरू, मध्ये बगळे उभे, लांब दुसऱ्या काठावर रस्ता पुन्हा वर येताना दिसतोय. यंदा पाऊस चांगला झाल्यानं वरच्या बांधाचं पाणी पसरलेलं. जीपवाल्यानं हात जोडले. मग सामान खांद्यावर टाकून डोंगराच्या कडेकडेनं चालत गेलो, तास-दीड तास जास्त गेला, आणि सगळ्या प्रवासातला तोच सर्वात सुंदर तुकडा निघाला. ढोकाची झाडं खालून वरपर्यंत, पानं तांबूस व्हायला लागलेली. सांबराची ताजी लेंडकं. एका दगडावर मोठी सावली हलली म्हणून बघितलं तर नीलगायीची मादी आणि पिल्लू.

गावात पोचल्यावर एका गुर्जर कुटुंबाच्या अंगणात बसलो. घरातल्या आजींनी आधी ताकाचा मोठा लोटा पुढं केला, मग नाव-गाव. "महाराष्ट्र? बंबई?" मी म्हटलं बंबईच्या पुढं, आमच्याकडं पण पाणी नाही. तेव्हा त्या एकदम सरकून जवळ बसल्या.

त्यांनी सांगितलेलं जसं आठवतंय तसं लिहिते. लग्न होऊन आल्या तेव्हा डोंगर उघडा होता. विहिरी तळाला गेलेल्या, गावातले पुरुष कामाला बाहेर, बायकांचा अर्धा दिवस पाण्यात आणि अर्धा सरपणात. अरवरी म्हणजे गावाच्या बोलण्यात "नाला" होती, नदी कुणी म्हणतच नव्हतं. साठ वर्षं तिच्यात पावसाळ्याशिवाय पाणी नव्हतं असं सांगतात. १९८६ नंतर गोपालपुऱ्याचं बघून इथल्या लोकांनी आधी जुने जोहड दुरुस्त केले, मग नवे बांधले, मग खालच्या गावांनी, असं करत करत खोऱ्यात पावणेचारशेच्या आसपास छोटे-मोठे बांध झाले. १९९० मध्ये नदी पावसाळा संपल्यावरही वाहायला लागली आणि १९९५ पर्यंत बारमाही झाली.

इथं माझ्यातली भूशास्त्रवाली बोलणार, कंटाळू नका. पुष्कळांना वाटतं बांधात साठलेलं पाणी हळूहळू सोडलं म्हणून नदी वाहिली. तसं नाहीये. या डोंगरांच्या भेगांमधून आणि खालच्या गाळाच्या थरातून पाणी आत मुरतं, विहिरींची पातळी वर येते, आणि ती पातळी वर येत येत जेव्हा नदीच्या तळाला टेकते तेव्हा नदी खालून पाझरून वाहायला लागते. म्हणून ती जिवंत करायला नदीत काहीच करावं लागत नाही, सगळं काम वर, डोंगरात आणि शेताच्या कडेला. म्हणूनच एका गावाला ते जमत नाही. आणि म्हणूनच ती परत मरूही शकते, सगळ्यांनी विहिरीतून जास्त उपसलं की पातळी तळापासून सुटते आणि नदी बंद. मी हे ऑफिसात आकृत्या काढून शिकवते. आजींनी हातातला लोटा अंगणातल्या मातीत ओतून, बाजूला बोटानं खड्डा करून दाखवलं. खड्ड्यात पाणी आलं.

आता जंगलाचं. गावानं आपल्या डोंगराचा साधारण बाराशे हेक्टरचा भाग भैरोंदेवाच्या नावानं राखून ठेवलाय, भैरोंदेव लोक वन्यजीव अभयारण्य. सरकारनं जाहीर केलेलं नाही, गावानं जाहीर केलेलं. नियम साधे: कुऱ्हाड घेऊन आत जायचं नाही, शिकार नाही, ओलं लाकूड तोडायचं नाही, बाहेरच्या उंट-मेंढ्यांना चराई नाही. तोडणाऱ्याला दंड आहेच, पण तोडताना बघून गप्प बसणाऱ्यालाही दंड. आपल्याकडच्या देवराईसारखंच इकडं देवबनी असते, म्हणजे देवाच्या नावानं रान राखायची कल्पना नवी नव्हती, जुनी कल्पना त्यांनी मोठ्या डोंगरावर पसरली. मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन या गावांना पर्यावरणाचा पुरस्कार द्यायला स्वतः या खोऱ्यात आले होते. तो दिवस आजींना आठवतो, हेलिकॉप्टर बघून म्हशी बिथरल्या होत्या.

मी विचारलं बिबट्या येतो का. येतो म्हणाल्या, बकऱ्या नेतो. मग राग नाही येत? त्यावर त्यांचं उत्तर मी तसंच देते: "जंगल रखा है तो जंगलवाला भी आएगा."

संध्याकाळी बांधाच्या भिंतीवर बसून राहिलो. मामांनी दगड मारून पाण्याची खोली बघायची जुनी सवय त्या दिवशी केली नाही.

(टीप: भांवता-कोल्यालाला हॉटेल नाही आणि नसावं. सोबत खाऊ न्यायचा असेल तर प्लास्टिक परत आणा. डोंगरात एकटं जाऊ नका, गावातला माणूस घ्या आणि त्याचा दिवस बुडतो त्याचे पैसे द्या. फोटो काढण्याआधी बायकांना विचारा, बऱ्याच जणी नको म्हणतात. उगम बघायला पाऊस संपल्यापासून डिसेंबरपर्यंत जाणं चांगलं.)

दिवस चौथा: हमीरपूर

नदीच्या काठानं खाली हमीरपूर. इथं नदी म्हणजे खरोखर नदी, रुंद, हिरवट पाणी, खंड्या, काठावर धुणं. आणि मासे. मासे इथल्या इतिहासात महत्त्वाचे आहेत. नदी जिवंत झाली, मासे आले, आणि १९९६ मध्ये सरकारनं इथल्या मासेमारीचा ठेका देऊन टाकला. कोरडी होती तोवर तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं! हमीरपूरच्या लोकांनी विरोध केला, त्यातले पुष्कळ मासे खात नाहीत, पण प्रश्न मालकीचा होता. शेवटी ठेका रद्द झाला. पण त्यातून लोकांच्या लक्षात आलं की नदी आणणं एक आणि नदी सांभाळणं दुसरं, त्याला काहीतरी व्यवस्था पाहिजे. २६ जानेवारी १९९९ ला हमीरपूरलाच अरवरी संसद भरली, काठावरच्या ७० गावांची. कायद्याच्या पुस्तकात ही संसद कुठंही नाही. नियम मात्र आहेत. ऊस आणि भात लावायचा नाही, होळीनंतर पावसाळ्यापर्यंत नदीतून पाणी उपसायचं नाही, शिकार नाही, पाणी पिणाऱ्या कारखान्याला जमीन विकायची नाही.

ऊस नाही हे ऐकल्यावर मामा उभेच राहिले. मोडक्या हिंदीत त्यांनी तिथल्या मंडळींना आमच्याकडचं बळीराजा धरण सांगितलं. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं, नदीतली वाळू गावानं स्वतः मोजून विकून पैसा उभा केला. पाण्याचा वाटा सगळ्या कुटुंबांना सारखा, ज्याला जमीन नाही त्यालाही, आणि ऊस करायचा नाही. मामा तेव्हा तरुण होते, श्रमदानाला गेलेले. मी ही गोष्ट त्यांच्याकडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकली आणि तीसुद्धा हमीरपूरच्या पारावर. जमिनीशिवाय पाण्याचा वाटा हे ऐकून तिथले एक बाबाजी म्हणाले, हे आमच्याकडं नाही झालं. बराच वेळ त्यांचं आपापसात बोलणं चाललं, मला सगळं कळलं नाही, पण विषय तोच होता.

सगळं छान छान आहे असं लिहिणार नाही. संसदेच्या बैठकींना पूर्वीएवढी माणसं जमत नाहीत हे त्यांनीच सांगितलं. तरुण पोरं जयपूर-दिल्लीला आहेत. बोअर घेणाऱ्याला थांबवायचं कसं यावर एकमत नाही, विहीर दिसते, बोअरमधून किती गेलं ते दिसत नाही. आणि अजून एक प्रश्न जो मामांनी पहिल्याच दिवशी काढला होता: वर एवढं अडवलं तर खालच्याचं काय? हा प्रश्न खरा आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी याच अरवरी खोऱ्याचा अभ्यास केलाय, त्यांचं म्हणणं असं की या बांधांमुळं दुष्काळात विहिरी टिकतात, शेतीला आधार मिळतो, पण नदीतून खाली जाणारं पाणी कमी होतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पारावर मी हे सांगितलं तर कुणी रागावलं नाही, एक जण म्हणाले मग नवीन बांध कुठं नको ते पण संसदेत ठरवायला पाहिजे. मला वाटतं आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांचं काम इथं आहे, हा हिशोब लोकांच्या समोर त्यांच्या भाषेत मांडणं. बांधायला ते समर्थ आहेत.

रात्री तिथंच मुक्काम. दाल-बाटी-चुरमा, शेणीच्या निखाऱ्यात भाजलेल्या बाट्या, वर तूप ओतताना यजमानीण थांबतच नव्हत्या.

दिवस पाचवा: खाणी आणि सरिस्काची कड

सकाळी लवकर निघून टहलाच्या बाजूला गेलो. इथल्या डोंगरात संगमरवर आणि डोलोमाइटच्या खाणी होत्या. जोहडात पाणी टिकेना म्हणून शोध घेतला तर शेजारच्या खाणींचे खोल खड्डे पाणी ओढत होते, त्यावरून १९९१ मध्ये तरुण भारत संघ सुप्रीम कोर्टात गेला आणि सरिस्काच्या संरक्षित क्षेत्रातल्या खाणी बंद झाल्या. त्या काळात कार्यकर्त्यांना मार खावा लागला, हेही या कामाचा भाग आहे आणि घरी सांगताना मी ते गाळणार नाही असं तेव्हाच ठरवलं. जुन्या खड्ड्यात आता पाणी साठलंय, कडेनं झुडपं आलीत. उभ्या कापलेल्या पांढऱ्या भिंतीकडं बघताना पोटात कसंतरी झालं.

दुपारी सरिस्काची सफारी. वाघ दिसला नाही, सांबर, चितळ, रानडुकरं, टकाचोर पक्षी जीपच्या बॉनेटवर येऊन बसतात. २००४-०५ च्या सुमारास इथले सगळे वाघ शिकारीत संपले होते, २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरनं पहिला वाघ आणला. गाइडला मी विचारलं की गाववाल्यांनी राखलेल्या डोंगरात आणि इथं फरक काय, तो शेजारच्याच गावचा निघाला, म्हणाला तिथं आम्हाला विचारून नियम झाले. पुढं बोलायला वेळ नव्हता, जीप निघाली.

(टीप: सफारीसाठी सकाळची फेरी घ्या, उघड्या जीपमध्ये थंडी फार लागते, कानटोपी हवीच. वेळ असेल तर टहलाजवळचं नीलकंठ मंदिर बघा, रस्ता खराब आहे पण दगडातलं काम अप्रतिम. भानगढला आम्ही गेलो नाही.)

दिवस सहावा: दोरी

शेवटच्या दिवशी सकाळी भीकमपुऱ्याजवळच्या एका वस्तीवर भाईसाब घेऊन गेले, बैठक आहे म्हणाले. बैठक म्हणजे विहिरीभोवती पंधरा-वीस जण, त्यात सहा-सात बायका पदर पुढं ओढून पण आवाज खणखणीत. एका बाबाजींनी खांद्यावरून दोरी काढली, टोकाला दगड बांधलेला, हाताहातावर गाठी मारलेल्या. दोरी सोडली, दगड पाण्याला लागल्याचा आवाज ऐकला, वर ओढताना सगळ्यांनी मिळून मोठ्यानं गाठी मोजल्या. गेल्या वर्षी याच दिवसांत किती होत्या ते सगळ्यांना तोंडपाठ. दोन गाठींनी पाणी वर होतं. त्यावरून ठरलं की गहू किती बिघ्यात आणि बाकी हरभरा-मोहरी. एक तरुण शेतकरी जास्त गहू मागत होता, त्याच्याशी अर्धा तास वाद चालला. एक काकी त्याला म्हणाल्या, तुझ्या आईला विचार आम्ही पाण्याला कुठपर्यंत जायचो. तो खाली बसला.

मी सात वर्षांत किती पिझोमीटरचे, म्हणजे भूजलाची पातळी मोजणाऱ्या नळ्यांचे, आलेख काढले असतील. ते आलेख ज्यांच्या विहिरींचे होते त्या लोकांनी कधी बघितले असतील असं मला वाटत नाही.

भाईसाब बैठकीत एकही शब्द बोलले नाहीत. परत येताना मी विचारलं तुम्ही का नाही बोललात. "आज ज़रूरत नहीं पड़ी," एवढंच. आणि चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघण्यासाठी मी इतक्या लांब आले होते.

निरोप घेताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी थांबवलं, बेटियाँ पाँव नहीं छूतीं म्हणाले, इकडं लेकींकडून पाया पडून घेत नाहीत. उलट हातात अकरा रुपये आणि गुळाचा खडा ठेवला.

अलवरला संध्याकाळची ट्रेन होती, दोन तास हातात होते. सगळे कलाकंद घेतात तसा आम्हीही घेतला (ताजा आणि दाणेदार बघून घ्या, आत थोडा लालसर असतो तो चांगला, दोन दिवसांत संपवा). मामा मात्र दुकानाबाहेर थांबलेच नाहीत, रस्ता ओलांडून दोऱ्या-पोत्यांच्या दुकानात गेले आणि वीस मीटर सुती दोरी घेऊन आले. मी म्हटलं अहो मामा, विट्यात मिळत नाही का दोरी? "मिळते की," म्हणाले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून हातानं मोजत गाठी मारायला सुरुवात केली. गाडी येईस्तोवर अर्ध्या झाल्या. उरलेल्या मथुरेच्या पुढं कधीतरी पुऱ्या केल्या. समोरच्या बर्थवरची एक लहान मुलगी त्यांना गाठी मोजून देत होती.

माणदेशातल्या त्या गटाला मी कोट्याच्या आसपास रेंज आल्यावर फोन केला. एक जानेवारीपासून येते म्हटलं, आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडून कुठलाही आराखडा मागू नका हेही सांगितलं. ते म्हणाले आम्ही कुठं मागत होतो.

परवा रविवारी मामांचा फोन आला. त्यांनी विहिरीवर शेजारच्या चौघांना बोलावलं होतं, दोघंच आले. पाणी नऊ गाठींवर आहे.